मुलींचा कबड्डीचा सामना कसा पाहावा

गाण्याच्या बैठकीत ज्यास ताल कळत नाही त्यास पखवाज म्हणजे नुसता नाद वाटतो. सम कोठे आली हे न उमजल्यामुळे इतरांनी मान डोलावली की तोही डोलावतो, आणि घरी जाताना गवयाच्या गाण्याऐवजी त्याच्या फेट्याचीच आठवण घेऊन जातो. खेळांचेही तसेच आहे. ज्यास नियम ठाऊक नाहीत तो खेळ पाहत नाही, खेळणाराकडे पाहतो. पुरुषांच्या खेळात या अज्ञानाने फारसे बिघडत नाही. मुलींच्या खेळात मात्र पुष्कळच बिघडते. म्हणून मुलींचा कबड्डीचा सामना कसा पाहावा याचा थोडा विचार करणे अगत्याचे आहे.

नाशिक जिल्ह्याच्या उत्तरेस कळवण, सटाणा, मालेगाव व देवळा या गावांच्या आद्याक्षरांवरून ज्यास 'कसमादे' असे सुटसुटीत नाव पडले आहे, त्या पट्ट्यातील देवळा हे तालुक्याचे ठिकाण होय. मुलूख कांद्याचा आणि डाळिंबाचा. घरची बोली पुष्कळ ठिकाणी अहिराणी. अशा गावी शाळेच्या पटांगणावर मुलींचे सामने भरतात तेव्हा काय दृश्य दिसते? फक्कीच्या पांढऱ्या रेघा आखलेल्या असतात. पुढच्या रांगेत लहान मुले मांडी घालून बसतात, त्यांच्यामागे शाळेतील विद्यार्थी, त्यांच्यामागे मोटारसायकलींवर रेललेली तरुण मंडळी, आणि सर्वांत मागे, भिंतीच्या कडेस, डोईवर पदर घेतलेल्या चारदोन आया. सामना सुरू होतो. एक मुलगी पलीकडे धावत जाते, चौघीजणी तिजवर झेपावतात, धुरळा उडतो, शिट्टी वाजते. कोणी टाळ्या पिटतात, कोणी हसतात. परंतु गुण कोणत्या संघास मिळाला व का मिळाला, असे विचारल्यास जमलेल्यांपैकी पुष्कळांस सांगता येत नाही; आणि हसू उमटते ते बहुधा यांच्यातूनच.

म्हणून प्रथम मैदान समजून घ्यावे. मोठ्या स्त्रियांच्या सामन्याचे मैदान १२ मीटर लांब व ८ मीटर रुंद असते. पुरुषांचे १३ मीटर लांब व १० मीटर रुंद. मधोमध आडवी मध्यरेषा असते, व तिच्या दोन्ही अंगांस एकेका संघाचे घर. दोन्ही बाजूंस मीटरभर रुंदीची जी पट्टी दिसते तिला राखीव क्षेत्र म्हणतात. एरवी या पट्टीत पाऊल पडले की खेळाडू बाद होतो; परंतु एकमेकींस स्पर्श होऊन झटापट सुरू झाली की हीच पट्टी मैदानाचा भाग बनते. पट्टीत पाय गेलेली मुलगी एकदा बाद ठरते आणि एकदा ठरत नाही, हे पाहून नवखा प्रेक्षक पंचांवर पक्षपाताचा आरोप करतो, त्याचे मूळ येथे आहे.

मध्यरेषेपासून तीन मीटरांवर, तिला समांतर, निदानरेषा असते. चढाईस आलेल्या मुलीने कोणास स्पर्श केला नसेल तर ही रेषा तरी ओलांडलीच पाहिजे. न ओलांडता परतली तर ती बाद. तिच्याही पलीकडे एक मीटरावर बोनस रेषा. समोर सहा किंवा सात जणी उभ्या असताना चढाई करणारीने एक पाऊल या रेषेपलीकडे टाकले व त्याच क्षणी दुसरे पाऊल अधांतरी ठेवले, तर तिला एक गुण मिळतो. हा गुण डोळ्यांचे पाते लवते न लवते तोच घेतला जातो. कोणी कोणास शिवले नाही, कोणी पडले नाही, तरी पंचांनी बोट वर केले, असे जेव्हा दिसते, तेव्हा बोनस रेषेवर काही घडून गेले आहे असे समजावे.

प्रत्येक संघात मैदानावर सात खेळाडू असतात. संघ आळीपाळीने एकेक चढाई करतात व एका चढाईस तीस सेकंदांची मुदत असते. चढाई करणारीने 'कबड्डी, कबड्डी' असा स्पष्ट उच्चार एका दमात चालू ठेवावयाचा असतो. पलीकडच्या घरात पाय पडण्यापूर्वी तो सुरू व्हावा लागतो व आपल्या घरी परत येईपर्यंत तुटता कामा नये. पूर्वी हा दम हेच खेळाचे घड्याळ होते. आता सेकंद मोजले जातात, तथापि दमाची अट कायम आहे. या अटीमुळे कबड्डी हा केवळ अंगबळाचा खेळ राहत नाही. ज्या मुलीस आपल्या श्वासावर ताबा ठेवता येतो तिचे डोके शांत राहते, आणि जिचे डोके शांत राहते तिला सात जणींच्या चौदा पायांपैकी कोणते पाऊल किंचित पुढे सरकले आहे ते दिसते.

चढाई करणारी जितक्या जणींस शिवून परत येईल तितके गुण तिच्या संघास मिळतात व तितक्या जणी बाहेर जातात. ती पकडली गेली तर एक गुण प्रतिपक्षास. आपल्या संघाने प्रतिपक्षाची एक खेळाडू बाद केली की आपली बाद झालेली एक मैत्रीण परत मैदानात येते. जुन्या काळी महाराष्ट्रात या खेळाचे संजीवनी, गामिनी आणि अमर असे तीन प्रकार खेळले जात. गामिनीत बाद झालेला गडी परत येत नसे, अमरमध्ये बाद झालेला गडी मैदानातच राही व केवळ गुण मांडला जाई. आजच्या खेळाने संजीवनीची वाट धरली आहे, व त्यातच त्याची सारी गोडी आहे. कारण येथे मेलेला गडी जिवंत होतो, आणि हरलेला डाव अखेरपर्यंत हरलेला नसतो.

संपूर्ण संघ बाद झाला की त्यावर 'लोण' चढला असे म्हणतात. लोणाचे दोन गुण अधिक मिळतात व बाद झालेला सारा संघ पुन्हा मैदानात येतो. याच्या उलट, मैदानात तीन किंवा त्याहून कमी खेळाडू उरल्या असताना त्यांनी चढाई करणारीस पकडले, तर त्या धाडसाबद्दल एक गुण जादा मिळतो. हिला अव्वल पकड म्हणतात. लागोपाठ दोन चढाया कोरड्या गेल्या तर त्या संघाच्या तिसऱ्या चढाईत गुण मिळालाच पाहिजे, अन्यथा चढाई करणारी बाद होते. सामन्याचे दोन भाग असतात. गटाप्रमाणे ते पंधरा किंवा वीस मिनिटांचे असतात, व मध्ये पाच मिनिटांची विश्रांती मिळून संघ बाजू बदलतात.

हे नियम एका प्रसंगात कसे गुंफले जातात ते पाहावे. समजा, देवळ्याच्या मैदानावर एक संघ २२ विरुद्ध २० असा पुढे आहे, व पिछाडीच्या संघात दोनच मुली उरल्या आहेत. आघाडीच्या संघाच्या मागील दोन चढाया कोरड्या गेल्या आहेत. आता तिसरी चढाई आहे. नवख्या प्रेक्षकास वाटते की सामना संपल्यात जमा आहे. दोघी बिचाऱ्या काय करणार? जाणत्यास मात्र येथेच खरा रंग भरतो. चढाई करणारीस रिकामे परतता येत नाही, तिला पुढे जाणे भाग आहे. दोघींपैकी एक कोपऱ्यात खाली वाकून उभी आहे, दुसरी मुद्दाम थोडी पुढे. चढाई करणारी पुढच्या मुलीकडे हात टाकते. तिची बोटे तिला लागतात न लागतात तोच कोपऱ्यातील मुलगी जमिनीसरशी झेप घेऊन तिचा घोटा धरते, व पहिली वळून तिच्या कमरेस मिठी घालते. मध्यरेषा हातभर दूर राहते. पकडीचा एक गुण व अव्वल पकडीचा एक, मिळून दोन. फलक २२–२२ होतो, बाहेर बसलेली एक मैत्रीण आत येते, व दोघींच्या तिघी होतात. ज्याने हे हिशेबासह पाहिले तो सामना विसरणार नाही. ज्याने हिशेबाशिवाय पाहिले त्याने केवळ तीन मुली धुळीत लोळताना पाहिल्या.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. सामान्य प्रेक्षकाची दृष्टी चढाई करणारीवर खिळलेली असते, कारण ती बोलते, नाचते, उड्या मारते. परंतु सामना पुष्कळदा जिंकतात त्या न बोलणाऱ्या. बचाव करणाऱ्या मुली एकमेकींचे हात धरून दोघी-दोघींची साखळी करतात. दोन्ही कोपऱ्यांतील मुलींवर घोटा व मांडी धरण्याची जबाबदारी असते, आणि त्यांच्या शेजारणींवर चढाई करणारीचा परतीचा मार्ग अडविण्याची. एकीने घाई केली की साखळी तुटते व तिघी-चौघी एकदम बाद होतात. म्हणून सामन्यास जाणाऱ्याने निदान काही वेळ चढाई करणारीकडे मुळीच न पाहता दोन्ही कोपऱ्यांकडे पाहावे. न झेपावता थांबणे किती कठीण असते, हे मग कळेल.

आता जरा नाजूक पण आवश्यक मुद्दा. कबड्डी हा अंगाला अंग भिडविण्याचा खेळ आहे, व काही लोकांस मुलींच्या बाबतीत हेच खटकते. परंतु कोठे धरावे व कोठे धरू नये हे नियमांनी काटेकोर ठरविले आहे. हातपाय व धड यांखेरीज अन्यत्र पकड करता येत नाही. केस किंवा कपडे ओढता येत नाहीत. तोंड दाबून दम तोडता येत नाही. नखे कापलेली असली पाहिजेत व अंगावर दागिना असता कामा नये. एक सरपंच व दोन पंच हे सारे पाहत असतात. शेवटचा नियम लहान दिसतो, तथापि खेडेगावात तो मोठा ठरतो. मैदानात उतरताना मुलीस हातांतील बांगड्या काढून ठेवाव्या लागतात, आणि विवाहित खेळाडू असेल तर गळ्यातील मंगळसूत्रही. काचेची बांगडी फुटली तर मनगट चिरते, स्वतःचे किंवा समोरच्या मुलीचे. नियमामागील कारण इतकेच आहे. ज्यास हे ठाऊक नाही तो रिकाम्या मनगटांवर कुजबुजतो. ज्यास ठाऊक आहे त्यास ती रिकामी मनगटे मल्लाच्या लंगोटाइतकी स्वाभाविक वाटतात.

हा खेळ काही परका नव्हे. महाराष्ट्रात तो हुतूतू या नावाने, बंगालकडे हाडुडू तर दक्षिणेत चेडुगुडू या नावांनी खेळला जात असे. त्यास नियमबद्ध रूप देण्यात महाराष्ट्रीय मंडळींचा वाटा मोठा आहे. १९२३ साली बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने या खेळाची अखिल भारतीय स्पर्धा भरविली. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने इतर देशी खेळांबरोबर याचेही प्रदर्शन घडविले. स्त्रियांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५५ साली कलकत्त्यास झाली. आशियाई क्रीडास्पर्धांत पुरुषांच्या कबड्डीस १९९० साली बीजिंग येथे प्रवेश मिळाला. स्त्रियांस मात्र त्यानंतर आणखी वीस वर्षे, २०१० च्या ग्वांगझू येथील स्पर्धेपर्यंत, वाट पाहावी लागली. त्या वर्षी व पुन्हा २०१४ साली भारतीय स्त्रियांनी सुवर्णपदक मिळविले. २०१२ साली पाटणा येथे झालेला विश्वचषकही त्यांनीच जिंकला, व त्या संघात महाराष्ट्राच्या अभिलाषा म्हात्रे, दीपिका जोसेफ व सुवर्णा बारटक्के होत्या.

२०१८ साली जकार्ता येथील अंतिम सामन्यात मात्र इराणच्या स्त्रियांनी भारताचा २७–२४ असा पराभव केला. मौज अशी की, इराणच्या या संघाच्या प्रशिक्षिका शैलजा जैन या नाशिकच्याच. त्यांनी इराणी मुलींस पकडी शिकविल्याच, शिवाय योगासने व प्राणायामही शिकविले. ज्या खेळाचा पाया दम आहे त्यास श्वासाचे शिक्षण उपयोगी पडले यात नवल नाही. इराणच्या मुली डोक्यास वस्त्र बांधून व पूर्ण बाह्यांचे कपडे घालून खेळतात, भारताच्या मुली आखूड विजारीत खेळतात. घोट्याची पकड दोघींची सारखीच. पुढे २०२३ साली हांगझू येथे भारताने चिनी तैपेई संघास २६–२५ असे एका गुणाने हरवून सुवर्णपदक परत आणले. त्या स्पर्धेतील भारताचे ते शंभरावे पदक होते. महाराष्ट्राच्या स्नेहल शिंदे व सोनाली शिंगटे या संघात होत्या. एका गुणाची किंमत काय असते याचा याहून चांगला धडा शाळेत देता येणार नाही.

प्रेक्षकांच्या दृष्टीचा हा प्रश्न केवळ आपल्याकडचाच आहे असे नाही. अमेरिकेत शिकागो शहरी १९३५ साली चाकांचे बूट घालून वाटोळ्या मार्गावर धावण्याच्या एका खेळास प्रारंभ झाला. त्यास रोलर डर्बी म्हणतात. स्त्रिया त्यात प्रथमपासून होत्या. पुढे त्याचा धंदा झाला. लोक धक्के, पडापड व भांडणे पाहावयास येऊ लागले, तेव्हा धंदेवाल्यांनी तीच त्यांस दाखविली. खेळाचा तमाशा झाला, व १९७३ साली तो धंदा बंद पडला. २००१ च्या सुमारास टेक्सास प्रांतातील ऑस्टिन शहरी स्त्रियांनीच तो पुन्हा उभा केला. पुढे त्यांनी स्वतःची संस्था स्थापिली व स्वतःचे नियम छापले. त्यात प्रत्येक बाजूस पाच जणी असतात. चौघी वाट अडवितात, व पाचवी प्रतिपक्षाच्या जितक्या जणींस मागे टाकील तितके गुण मिळविते. आपल्या चढाई करणारीची ही जणू चाकांवरची बहीणच. प्रेक्षकांस जे हवे ते देत गेल्याने जो खेळ बुडाला, तोच नियम समजणारा प्रेक्षक तयार होताच पुन्हा तरला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आपल्या मुलींपुढील अडचणी मात्र निराळ्या आहेत. शालेय स्पर्धा चौदा, सतरा व एकोणीस वर्षांखालील अशा गटांत होतात. तालुक्यातून जिल्ह्यास, जिल्ह्यातून विभागास व विभागातून राज्यास, अशी ही शिडी आहे. ठरावीक पातळीपर्यंत खेळलेल्या विद्यार्थ्यांस दहावी-बारावीच्या परीक्षेत सवलतीचे गुण मिळतात. राज्याच्या शासकीय नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. रेल्वे व पोलीस खात्यांतही कबड्डीने अनेक मुलींस स्वतःच्या पायांवर उभे केले आहे. पुरुषांची प्रो कबड्डी लीग २०१४ साली सुरू होऊन भरभराटीस आली. २०१६ साली तिच्याबरोबर तीन स्त्रीसंघांची स्पर्धा झाली, पण ती पुढे चालू राहिली नाही. म्हणजे धनाढ्य लीगचा मार्ग मुलींस अद्याप मोकळा नाही. शाळेचे पटांगण व गावचा आधार हेच त्यांचे भांडवल. खेड्यातील मुलगी मातीत खेळ शिकते व मोठ्या स्पर्धेत तिला एकदम गादीवर, पायांत बूट घालून खेळावे लागते. सरावाची वेळ सायंकाळची, आणि घरी परतेतो अंधार पडतो.

या साऱ्या अडचणींतूनही मुलगी वाट काढते. ज्या अडचणीपुढे ती बहुधा हरते ती निराळीच असते. सामना संपल्यावर दुसऱ्या दिवशी तिचे वडील कांद्याचा ट्रॅक्टर घेऊन बाजारात उभे असतात. कोणी ओळखीचा गृहस्थ येतो व म्हणतो, "काल तुमची मुलगी मैदानात लोळत होती म्हणे!" त्यात द्वेष असतोच असे नाही, पुष्कळदा ती नुसती थट्टा असते. परंतु घरी जाऊन वडील एवढेच म्हणतात, "आता दहावीचे वर्ष आहे, पुरे झाले." मुलीच्या खेळाची अखेर अशी होते, आणि तिची नोंद कोणत्याही गुणपत्रकात नसते.

आता तोच गृहस्थ नियम जाणून सामना पाहून आला आहे अशी कल्पना करावी. तो म्हणेल, "दोघीच उरल्या होत्या, पण तुमच्या मुलीने काय घोटा धरला! दोन गुण आणले, आणि सामना बरोबरीत आला." घटना तीच, धूळही तीच. परंतु या बोलण्याने वडिलांची मान ताठ होते, व मुलीस आणखी एक वर्ष मिळते. तालुक्याची खेळाडू जिल्ह्यास जाते ती अशाच एकेका वर्षाच्या बळावर.

म्हणून देवळ्यास काय किंवा अन्यत्र काय, मुलींचा सामना पाहावयास जाणाऱ्याने थोडे लवकर जावे. रेघा आखल्या जात असताना निदानरेषा कोणती व बोनस रेषा कोणती हे विचारून घ्यावे. शेजारी लहान मूल असेल तर त्यास सांगावे, कारण सांगितल्याने आपणासही पक्के होते. मैदानावर किती जणी उरल्या आहेत ते सतत मोजीत असावे. चांगली पकड झाली की ती कोणत्या संघाची हे न पाहता टाळी द्यावी, व कोणी भलतेच हसला तर त्यावर न रागावता त्यास नियम समजावून द्यावा. आणि जाताना घरातील मंडळींस बरोबर न्यावे. भिंतीच्या कडेस उभ्या राहणाऱ्या त्या चारदोन आयांस पुढच्या रांगेत जागा करून दिली, तर त्यांच्यापैकी एखादी 'हुतूतू आम्हीही लहानपणी खेळत होतो' असे सांगेल, आणि कोणत्या मुलीने घाई केली हे पंचांच्या आधी तीच ओळखील.